माईंची पाण्याची बाटली



वर्ष संपत आले आहे आणि माझ्यापुढे आमच्या भिशीची वही उघडी आहे. ही भिशी सोन्याची नाही, भांड्यांचीही नाही. ही फिरण्याची भिशी आहे. आम्ही पाच मैत्रिणी दरमहा प्रत्येकी पाचशे रुपये तीत टाकतो आणि पैसे जमले की कुठेतरी जाऊन येतो. वर्षभरात चार सहली झाल्या. मे महिन्यात आणखी एक ठरली होती, पण एकीच्या घरचे लग्न निघाले, दुसरीच्या नातवाला कांजिण्या आल्या आणि ती राहून गेली. हिशेब माई लिहितात. तिकीट, रिक्षा, जेवण, प्रवेश फी असे रकाने त्यांनी पट्टीने आखले आहेत. शेवटचा रकाना 'पाणी' असा आहे. वर्षभर तो कोरा राहिला. तो कोरा का राहिला आणि शेवटच्या सहलीला त्यात काय लिहिले गेले, तेच आज सांगायचे आहे.

आधी आमची ओळख करून देते. सगळ्या कल्याणच्या. माई आमच्यात मोठ्या, वय बहात्तर. दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षे राबल्या. नर्सताई त्याच दवाखान्यातून निवृत्त झाल्या. शाळेच्या बाई प्राथमिक शाळेत होत्या, इतिहासाची पुस्तके त्यांच्या पिशवीत नेहमीच. वहिनी पोळी-भाजी केंद्र चालवतात. आमच्यापैकी आजही कमावणाऱ्या त्या एकट्याच. आणि मी, कारकुनी करून निवृत्त झालेली. विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला येता-येता आमची गट्टी जमली.

घरी सांगितले तेव्हा प्रत्येकीला थोडेफार ऐकावे लागले. "या वयात कसले फिरणे?" "गुडघे दुखतात म्हणतेस आणि डोंगर चढणार?" माझा मुलगा म्हणाला, "आई, तू सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जातेसच की!" त्याचे खरे होते. चैत्यभूमीला गेले, दीक्षाभूमीला गेले, लग्नाला गेले, मयतीला गेले. पण 'मला बघायचे आहे' म्हणून साठ वर्षांत मी एकदाही घराबाहेर पडले नव्हते. आमच्या पिढीतल्या किती भगिनी असे म्हणू शकतील, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावे.

पहिली सहल फेब्रुवारीत, कान्हेरीची. कल्याणहून दादर, दादरहून बोरिवली, पुढे राष्ट्रीय उद्यानातून लेण्यांपर्यंत. इतके जवळ असून पाचपैकी चौघींनी कान्हेरी पाहिलेली नव्हती. शंभरावर लेणी एकाच डोंगरात! बाईंनी सांगितले की इथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे लोक आहेत. व्यापारी आहेत, कारागीर आहेत. आपल्या कल्याणची माणसे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी इथे दान देऊन गेली, हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही उशिराच आलो म्हणायचे!"

मला सर्वांत आवडल्या त्या पाण्याच्या पोढ्या. बहुतेक लेण्यांच्या बाजूला खडकात कोरलेले टाके आहे. डोंगरावर पडलेला पाऊस खडकातल्या पन्हळींनी त्यात उतरवलेला. भिक्खूंनी पावसाळ्यात साठवायचे आणि उन्हाळ्यात वापरायचे. नुसती पोढी खोदून दिल्याचेही शिलालेख आहेत. पाणी हे सुद्धा दान आणि ते नाव कोरून ठेवण्याइतके मोठे दान!

तिथेच आम्ही माईंची थट्टा केली. त्या घरून दोन लिटरची बाटली भरून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणतात. भर उन्हात ते ओझे खांद्यावर. नर्सताई म्हणाल्या, "माई, खाली पाणी मिळते की! या वयात खांदा कशाला मोडता?" माई हसल्या आणि म्हणाल्या, "आपलं पाणी आपल्याजवळ असावं." आम्हाला वाटले, वय झाले, सवयी जात नाहीत.

दुसरी सहल महाडची, मार्चअखेर. वीस मार्चची गर्दी ओसरू दिली, कारण आम्हाला तळ्याच्या काठी निवांत बसायचे होते. पनवेलहून एस.टी. धरली. २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, त्यामुळे भिशीवर भार कमी पडला. महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाल्याची लेणी आहेत, ती सकाळी पाहिली आणि दुपारी चवदार तळ्यावर आलो.

तो इतिहास आपल्या घरोघरी पाठ आहे, तरी काठावर बसून ऐकताना तो वेगळाच लागतो. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, ओंजळ मात्र कोरडीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ले झाले, तळे 'शुद्ध' करून घेतले गेले आणि प्रकरण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका ओंजळीच्या हक्कासाठी दहा वर्षे! बाईंनी आणखी एक आठवण दिली. १९२७ च्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, त्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशीही बोलले. लुगडे नेसण्याची जुनी, जातीची खूण दाखवणारी पद्धत सोडा, अंगावरचे जड दागिने सोडा, असे त्यांनी सांगितले. कोण आहेस ते लोकांनी कपड्यावरून ओळखावे, ही रीत त्यांना मोडायची होती.

माई सगळे ऐकत होत्या. पायरीवर बसून त्यांनी पिशवीतली बाटली काढली, दोन घोट घेतले आणि पहिल्यांदाच स्वतःविषयी बोलल्या. लहानपणी गावात त्या विहिरीपासून लांब, घागर घेऊन उभ्या राहायच्या. कोणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत थांबायचे. कधी तास जायचा, कधी दोन तास. "एकदा भाऊ तापाने फणफणला होता. मी उभी होते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, ओतते गं, आधी आमचं होऊ दे. घरी गेले तर आईने कुणाकडून तरी पाणी आणलं होतं. त्या दिवशी ठरवलं, कुणाच्या दारात पाणी मागायचं नाही." म्हणजे ही गोष्ट महाडच्या सत्याग्रहानंतर तीस-पस्तीस वर्षांची, कायदा आणि संविधान दोन्ही आल्यानंतरची. आम्ही कान्हेरीत केलेली थट्टा आठवून नर्सताईंनी मान खाली घातली. बाटली त्या दिवसापासून आम्ही आळीपाळीने उचलू लागलो.

तिसरी सहल ऑगस्टमध्ये, कार्ले-भाज्याची. मळवलीला उतरलो. भाज्याचा डोंगर हिरवागार, शेजारी धबधबे. भाज्याचे चैत्यगृह सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचे, आणि कार्ल्याचे त्यानंतरचे पण केवढे भव्य! कार्ल्याच्या छतातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकल्या आहेत, हे पाहून वहिनी म्हणाल्या, "आमच्या खिडकीची चौकट चार पावसाळे काढत नाही." इथेही दात्यांची नावे आहेत. त्यांत गंधी आहे, सुतार आहे, यवन आहेत. प्रत्येकाने आपले नाव, गाव, धंदा उघड लिहिला. लपवला नाही.

हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण त्याच सहलीत मी लपवले.

कुठे ते सांगत नाही, तशी घरे सगळीकडे आहेत. पावसाने झोडपले म्हणून आम्ही एका घराच्या पडवीत शिरलो. घरच्या बाईने बसायला दिले. बोलता-बोलता विचारले, "कुठल्या तुम्ही? आडनाव काय?" प्रश्न साधा होता, पण तो कशासाठी विचारला जातो हे आपल्याला कळते. माझे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. ऐकून काही कळत नाही. मी आडनाव सांगितले आणि "मुंबईकडच्या आहोत, फिरायला आलोय" एवढेच म्हटले. बाईचा चेहरा मोकळा झाला. चहा आला, तोही आले घातलेला. मी प्यायले. वहिनी आणि बाईही प्याल्या. नर्सताईंनी कप हातात धरून ठेवला. माई म्हणाल्या, "मला चहाने आम्ल होतं," आणि त्यांनी आपल्या बाटलीतले पाणी घेतले.

परतीच्या गाडीत कोणी फारसे बोलेना. शेवटी मीच म्हटले, "मी खोटे तर बोलले नाही ना?"

नर्सताई म्हणाल्या, "खोटे नाही बोललात. पण खरेही सांगितले नाहीत."

माई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "अगं, तो चहा तिने तुला नाही दिला. तुझ्या आडनावाला दिला."

त्या रात्री मला झोप आली नाही. नोकरीची पस्तीस वर्षे आठवली. ऑफिसात डबा खाताना कोणी विचारले तर हेच आडनाव पुढे करायचे. टेबलावर तसबीर ठेवायला बिचकायचे. भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हाही हेच केले. त्यात फार मोठे पाप केले असे मी म्हणत नाही. पोटासाठी, छपरासाठी आपल्यातल्या अनेकांनी केले आहे आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण आता पेन्शन आहे, घर आहे. ऑगस्टच्या त्या पावसात मला कशाची भीती होती? एक कप चहाची?

पुढच्या रविवारी विहारात बाईंनी बाबासाहेबांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही पुस्तिका वाचायला घेतली. मुद्दाम घेतली की सहज, मी विचारले नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या आणि त्या १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या. तीत प्रवासाच्या दोन हकीकती आहेत.

पहिली १९०१ ची. नऊ वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. सुट्टीतला प्रवास, नवे कपडे, केवढी हौस! मसूर स्टेशनवर उतरले, घ्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवान तयार होईनात. अखेर एक तयार झाला, पण दुप्पट भाड्यावर आणि मुलांनी गाडी हाकायची या अटीवर. तो शेजारून चालणार. डबा होता, पण पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर गाडीवानाने शिकवले की मुसलमान आहोत म्हणून सांगा, म्हणजे पाणी मिळेल. पोराने उर्दूत बोलून तसे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. मुले उपाशीपोटी, तहानलेली झोपली.

नऊ वर्षांचे लेकरू, रात्रीची वेळ, घसा कोरडा. त्याने ओळख लपवली ती पाण्यासाठी, आणि ती लपवूनही हाती काही आले नाही. मी साठीची बाई. माझ्या शेजारी दोन लिटर पाणी होते. ऐकताना माझे डोळे भरून आले.

दुसरी हकीकत १९३४ ची. ती तर मित्रांबरोबरच्या सहलीची! बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला उतरले. प्रवासाची धूळ बसली होती म्हणून काहींनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले. लगेच आरडाओरडा झाला, हौद बाटवला म्हणून लोक धावून आले. तोवर बाबासाहेब परदेशातल्या पदव्या घेऊन, गोलमेज परिषद गाजवून आलेले होते. हौदापुढे त्याचा काही उपयोग झाला नाही. अखेर किल्ला पाहू दिला तो बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून!

वाचन संपल्यावर माई म्हणाल्या, "आपली पुढची सहल तिकडेच."

म्हणून नोव्हेंबरात तीन दिवसांची चौथी सहल. कल्याणहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या बोलण्यातले औरंगाबाद. पहिल्या दिवशी नागसेनवनात जाऊन १९५० साली सुरू झालेले मिलिंद महाविद्यालय बाहेरून डोळे भरून पाहिले. दुसऱ्या दिवशी अजिंठा. सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या शिल्पापुढे आम्ही पाचही जणी बराच वेळ उभ्या होतो. तिसऱ्या दिवशी दौलताबाद आणि वेरूळ. दौलताबादला आम्ही तिकीट काढून, सरळ आत गेलो. कोणी अडवले नाही, कोणी शिपाई मागे लागला नाही. माई म्हणाल्या, "एवढ्यासाठीच आले होते. शिपायाशिवाय आत जाता येतं ते बघायला." वेरूळची चौतीस लेणी एका दिवसात होत नाहीत. आम्ही पहिली बारा बौद्ध लेणी सावकाश पाहिली आणि कैलास बाहेरून.

परतताना जीप पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक बदलू लागला, आम्ही रस्त्याकडेच्या एका घराच्या अंगणात टेकलो. माईंची बाटली दुपारीच संपली होती. दारात एक सून उभी होती, बाजेवर सासू बसली होती. सासूने विचारले, "कुठल्या म्हणायच्या बाई तुम्ही?"

चौघींनी माझ्याकडे पाहिले नाही. न पाहण्याचा प्रयत्न करीत होत्या, तो मला कळत होता. मी म्हटले, "कल्याणच्या. लेणी बघायला आलो होतो. आम्ही बौद्ध आहोत, बाबासाहेबांच्या लेकी." आणि लगेच म्हटले, "आमच्या माईंना तहान लागलीय. पाणी मिळेल का?"

सासूने तोंड रस्त्याकडे फिरवले. सून आत गेली. तिला परत यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी सगळे आयुष्य मोजले. ती आली ती तांब्या आणि पाच पेले घेऊन. पहिला पेला तिने माईंच्या हातात दिला. माईंनी पेला क्षणभर तसाच धरला. मग पाणी संपवले आणि म्हणाल्या, "अजून दे गं बाई."

सून हळूच म्हणाली, "लेण्यांत काय असतं हो? इथं नांदायला आले त्याला अकरा वर्षं झाली, पण आम्हाला कधी कुणी नेलं नाही." मग बाई पायरीवर बसल्या आणि चाक बदलून होईपर्यंत तिला सगळे सांगत राहिल्या. निघताना पाहिले, पेले मोरीजवळ वेगळे ठेवले होते. घासायला ठेवले होते की आणखी कशासाठी, ते मला ठाऊक नाही. त्याचा अर्थ लावत बसायचे नाही, असे मी ठरवले. मी माझे सांगितले होते. पुढचे त्या घराने ठरवायचे. आणि त्या घरातली एक सून आमच्याच बाजूची निघाली, बघायची राहून गेलेली.

वहीत त्या दिवसाच्या 'पाणी' रकान्यात माईंच्या अक्षरात एकच शब्द आहे : "मिळाले."

वाचक भगिनींनो, वर्षाचा हिशेब एवढाच. पैसे थोडे उरलेत, ते पुढच्या वर्षाला. तुम्हीही चार-पाच जणी जमवा. भिशी लहान का असेना, सुरू करा. जवळच्या लेण्यापासून आरंभ करा. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, हे लक्षात ठेवा. चपला घट्ट घाला, गोळ्या-औषधे विसरू नका, घरच्यांनी काही म्हटले तर हसून सोडून द्या. पाण्याची बाटलीही जरूर घ्या, उन्हात ती लागतेच. पण कोणी विचारले, कोण तुम्ही, तर कार्ल्याच्या सुतारासारखे आपले नाव ठळक सांगा. नऊ वर्षांच्या भीमाला ते सांगण्याची मोकळीक नव्हती. ती आपल्यासाठी त्यांनी मिळवली. ती न वापरता घरी परत आणली, तर तो प्रवास फुकट गेला.

फेब्रुवारीत आम्ही नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना जाणार आहोत. माईंनी वहीत नवे पान आखले आहे. पाण्याचा रकाना तसाच आहे.

जयभीम!